चाळीस प्रतींचे शेवटचे पान

१

चाळीस पुस्तकांचे शेवटचे पान कुणीतरी कापून नेले होते, आणि ही बातमी मला ज्या गोडीने कळवण्यात आली ती मला गुन्ह्यापेक्षा अधिक निर्ढावलेली वाटली. मुख्याध्यापकांनी फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग हवेतल्या गारव्याबद्दल दोन शब्द बोलले, आणि मग सांगितले की युद्धकाळातली जी रोजनिशी मी अनुवादित केली आणि जी त्यांच्या शाळेत नववीला वर्षानुवर्षे वाचली जाते, तिच्या वर्गसंचातील एकूण एक प्रतीची विटंबना झाली आहे. गुन्हेगार सापडलेला आहे. शनिवारी शिक्षणाधिकारी भेटीला येणार आहेत. त्यांच्यासमोर वाचून दाखवण्यासाठी मी निषेधाचे चार शब्द लिहून द्यावेत, सहीसह.

गुन्हेगार कोण, असे मी विचारले.

"आहे एक मुलगी. नापास झालेली," ते म्हणाले, जणू दुसऱ्या वाक्याने पहिले आपोआप सिद्ध होत होते.

सही करण्यापूर्वी वाचण्याची मला वाईट सवय आहे. मी म्हटले, येते.

ज्यांनी ती रोजनिशी वाचलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते. एका गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी कामाला होती. सैन्य जवळ आले तसे गाव रिकामे झाले. तिला मात्र पुढचा आदेश येईपर्यंत बोर्ड सोडू नये असे सांगण्यात आले, आणि आदेश देणारेच निघून गेले. ती राहिली. कुणाचा फोन आला की बोर्डावर त्या घराचा दिवा लागे. रोज किती दिवे लागले आणि कुणाचे, हे ती लिहून ठेवी. डॉक्टरांचा लागला. बेकरीचा लागला. मग डॉक्टरांचा लागेनासा झाला. शेवटची नोंद अशी आहे:

"आज बोर्डावर एकही दिवा लागला नाही. संध्याकाळी मी आमच्या घरची तार जोडली. घरी कुणी नाही हे मला ठाऊक आहे. पण तिथे घंटी वाजत असेल, आमच्या खोलीत आवाज असेल, एवढ्यासाठी मी ती बराच वेळ वाजू दिली."

पुढे काही नाही. माझ्या आवृत्तीत या नोंदीच्या पाठीमागची बाजू कोरी सोडलेली होती. प्रकाशकाने कारण विचारले तेव्हा मी सांगितले होते की काही वाक्यांनंतर माणसाला श्वास घ्यायला जागा लागते. पुढे शालेय आवृत्ती निघाली; तिची प्रत मला आली. मी ती कधी उघडली नाही. शालेय आवृत्त्या उघडून पाहण्याइतकी प्रकृती आता माझी राहिलेली नाही.

शाळेत शिक्षकांच्या खोलीतल्या टेबल-टेनिसच्या टेबलावर चाळीसही प्रती मांडून ठेवल्या होत्या. सगळ्यांना नवी खाकी कव्हरे. मी एक उचलली, मागून उघडली. शेवटचे पान मुळाशी कापलेले नव्हते. शिवणीपाशी बोटभर रुंदीची पट्टी शिल्लक होती. दुसरी उचलली. तशीच पट्टी, तेवढीच, मोजपट्टी लावून कापल्यासारखी सरळ.

"मुलीच्या कंपासपेटीत ब्लेड सापडलं," मुख्याध्यापक म्हणाले.

"पेन्सिलीला टोक करायला असेल."

"असेल. पण मॅडम, पुरावा ब्लेडचा नाहीच." त्यांनी आवाज खाली आणला. भाषेच्या बाई पाय मोडून घरी पडल्यामुळे वर्ग ते स्वतः घेत होते. शेवटची नोंद सगळ्या वर्गाने एका सुरात वाचायची, ही तिथली जुनी पद्धत; ते वाचन महिनाअखेरीस असते. अधिकारी येणार म्हणून त्यांनी ते नोटीस काढून या सोमवारी घेतले, म्हणजे शनिवारपर्यंत मुलांची उत्तरे भिंतीवर लावता येतील. सोमवारी वर्गाने पान उलटले आणि पुढे पानच नव्हते. गलका झाला. एक मुलगी तेवढी गप्प बसून राहिली.

"गप्प बसणं हा गुन्हा आहे का?"

"गप्प नाही, मॅडम," ते म्हणाले. "ती हसली."

२

वर्गात तिला 'मौनी' म्हणत. शनिवारपर्यंत तिला वर्गात बसायला बंदी होती, म्हणून तिला जुन्या प्रयोगशाळेत बसवले होते. तिथे काचेच्या बरण्यांतून कधीकाळचे बेडूक तिच्याकडे पाहत होते आणि ती त्यांच्याकडे. माझ्यासाठी तिने स्टूल पुसले. अंगठ्याशेजारी तिला इस्त्रीचा जुना डाग होता.

मी विचारले, पान तू कापलेस का. कुणी कापले ते ठाऊक आहे का. तिने खिडकीकडे पाहिले. जी माणसे खोटे बोलणार असतात ती माझ्या अनुभवात समोरच्याच्या डोळ्यांत पाहतात. हिने पाहिले नाही, याची मी मनात नोंद केली.

"पुस्तक वाचलंस?"

"दोनदा. गेल्या वर्षी आणि यंदा."

"आवडलं?"

"आवडण्यासारखं नाहीये ते."

इतके नेमके परीक्षण माझ्या अनुवादाला कुठल्याही नियतकालिकात मिळालेले नव्हते. मी उठले, तेव्हा तिने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडले.

"मॅडम, तिने घरी घंटी लावून दिली ना. मग ती थांबवली कुणी?"

सहा वर्षे मी त्या पुस्तकाबरोबर काढली. त्यातल्या प्रत्येक स्वल्पविरामाशी भांडले. हा प्रश्न मला पडला नव्हता. मी बाहेर आले.

बाहेर तिचे मामा उभे होते. त्यांचे लॉन्ड्रीचे दुकान होते. हाताला वाफेचा आणि स्टार्चचा वास. मला कुणी अधिकारी समजून त्यांनी अदबीने नमस्कार केला आणि मग, मी नुसतीच पुस्तकवाली आहे हे कळल्यावर, मोकळेपणाने बोलू लागले. मुलगी त्यांच्या बहिणीची. बहीण गेली, दाजी दुसरीकडे संसार मांडून बसले, तेव्हापासून ही त्यांच्याकडे. शाळेने शनिवारी नाव काढले की दुसरी शाळा वर्षाच्या मध्यात घेणार नाही. मग सोमवारपासून काउंटरवर.

"पोर वाईट नाही हो," ते म्हणाले. "घरात असते ते कळतच नाही. मामी म्हणते, मांजर पाळलं असतं तर निदान म्यांव तरी केलं असतं."

त्यांना हसू आले आणि लगेच त्याची लाज वाटली.

"काउंटरवर बसली की बोलायला लागेल," ते पुढे म्हणाले. "गिऱ्हाईक बोलायला लावतंच."

"शिकायचं म्हणते का ती?"

"विचारलं नाही कधी." त्यांनी हात पुसले, हात कोरडेच होते. "तुम्ही काही बोलून बघाल का सरांशी?"

बोलण्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हते. होती ती फक्त एका मुलीची हसण्याची साक्ष.

३

संशय घेण्यासारखा दुसरा माणूस म्हणजे ग्रंथपाल. किल्ल्या त्याच्याकडे होत्या आणि राग भरपूर होता, कारण त्याच्या ग्रंथालयात पुढल्या वर्षी संगणक येणार होते. कपाटे जिन्याखाली हलवायची असे ठरले होते. स्वतः तो कुठे हलणार याबद्दल ठरावात काही नव्हते.

त्याच्यावरही संशय आहे असे मी सांगितले तेव्हा तो जवळजवळ खूश झाला. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कुणी एवढे लक्ष दिले नसावे.

"मला कापायचंच असतं ना, तर गाइडं कापली असती," तो म्हणाला. "तीही मधोमध. अशी बेतून कशाला कापीन?"

त्याच्याकडून मला बारीकसारीक बरेच कळले, बहुतेक सगळे तक्रारीच्या रूपात. वर्गसंच घरी न्यायची परवानगी मुलांना नाही. तासाला वाटायचा, तासानंतर मोजून परत घ्यायचा. संचाला दरवर्षी कव्हरे घालायची असतात आणि ती भाषेच्या बाई सुट्टीत बसून घालतात, कारण दुसरे कुणी घालत नाही. वाचन अलीकडे आणल्याची नोटीस शुक्रवारी फिरली. सगळ्यांनी सह्या केल्या. सोमवारी सकाळी संच वर्गात त्यानेच उचलून नेला.

"तेव्हा उघडून नाही पाहिलात?"

"ग्रंथपालाला पुस्तक उघडायला वेळ असता तर काय हवं होतं."

जाता जाता त्याने मला व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटापाशी नेले. तिथे माझ्या पहिल्या आवृत्तीची प्रत होती, मीच शाळेला भेट दिलेली. कपाटाला कुलूप नव्हते. कडी होती, तीही नावापुरती. भेट देताना मी ती पहिल्या पानावर उघडून ठेवली होती. आता ती शेवटच्या नोंदीवर उघडलेली होती. पान जागच्या जागी. मी कडी काढली, पान उलटले. मागची कोरी बाजू जशीच्या तशी, थोडी पिवळी पडलेली.

चाळीस प्रतींतून ते पान शोधून शोधून कापणाऱ्याने ही एक प्रत हातात घेतली होती, नेमके तेच पान काढले होते, आणि ब्लेड न लावता परत ठेवले होते.

"नजरचुकीने राहिली असेल," ग्रंथपाल म्हणाला.

ज्याच्या हातून चाळीस वेळा नजरचूक झाली नाही, त्याची एकेचाळिसाव्या वेळी होते यावर माझा विश्वास नाही. मला आता शालेय आवृत्तीची न कापलेली प्रत हवी होती. ती सबंध शाळेत एकाच माणसाजवळ होती.

४

मुख्याध्यापकांनी स्वतःची प्रत टेबलाच्या खणातून काढली. शालेय आवृत्तीच्या समितीचे ते अध्यक्ष होते. प्रतीवर तसा शिक्का होता. त्यांनी ती शेवटच्या नोंदीवर उघडून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले की ही नोंद वाचताना आजही त्यांचा कंठ दाटून येतो.

मी पान उलटले.

मागची बाजू कोरी नव्हती. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत 'स्वाध्याय' असे छापलेले होते.

"गाळलेली जागा भरा: संध्याकाळी मी आमच्या घरची ........ जोडली. (गुण एक)"

"लेखिकेच्या एकाकीपणाची तीन कारणे सांगा. (गुण तीन)"

"तुम्ही लेखिकेच्या जागी असता तर एकाकीपणावर मात करण्यासाठी कोणते तीन उपाय योजले असते? (गुण पाच)"

मी ते दोनदा वाचले. राग आला की माझे वाचन संथ होते. जगाने मुलींना बोर्डापाशी विसरून जाण्याच्या अनेक पद्धती शोधलेल्या आहेत, पण विसरून झाल्यावर त्यांना पाच गुणांत सुधारून घेण्याची ही पद्धत माझ्या वाचनात प्रथमच येत होती.

"हे कुणाचं?"

"माझंच," ते विनयाने म्हणाले. "ते पान नुसतं कोरं जात होतं. कोऱ्या पानाचा उपयोग काय? कागद आहे शेवटी."

तेव्हा कुठे मला उमजले की सोमवारपासून आम्ही सगळे कागदाच्या एकाच बाजूकडे पाहत होतो. पान म्हणजे मजकूर, अशी आम्हा शिकलेल्यांची समजूत. पानाला पाठही असते. ज्याने ब्लेड चालवले त्याला शेवटची नोंद नकोशी नव्हतीच. पहिल्या आवृत्तीत नोंदीच्या पाठीमागे काही नव्हते, म्हणून तिला हात लागला नाही. त्याला नकोशी होती ती ही पाठ. नोंद केवळ तिला चिकटलेली होती म्हणून गेली.

हे सगळे मी बहुधा मोठ्याने बोलले असावे, कारण मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला.

"मग तर झालंच की," ते म्हणाले. "मला कारण सापडत नव्हतं, ते तुम्ही दिलंत. गेल्या वर्षी या पाच गुणांच्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं. भाषेत ती थोडक्यात गेली, आणि त्यातच वर्ष गेलं. दुसऱ्या कुणाला एवढा राग असणार या प्रश्नाचा?"

मी मुलीला सोडवायला आले होते, आणि तिच्याविरुद्ध आजवर नसलेला एकमेव खरा पुरावा माझ्याच हाताने टेबलावर ठेवून बसले होते.

५

रिकाम्या वर्गात मी बराच वेळ बसले. फळ्यावर कुणीतरी उद्याचा सुविचार आजच लिहून ठेवला होता. मी एक प्रत पुढ्यात घेतली आणि त्या बोटभर पट्टीकडे पाहत राहिले.

सूड घेणारा माणूस मुळापासून कापतो, किंवा फाडतो. इथे तसे नव्हते. शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी जेवढे सोडतो तेवढे इथे सोडलेले होते. म्हणजे या जागी पुन्हा काही जोडायचे होते: नवे पान, पुढे तीच नोंद, मागे काही नाही. त्यासाठीच तर कपाटातली माझी प्रत शेवटच्या पानावर उघडली गेली होती. हे पान आधी कसे होते, ते कुणीतरी पाहून घेतले होते. कापणाऱ्याचे काम अर्धे झाले होते. उरलेले अर्धे त्याला महिनाअखेरीच्या आत करायचे होते, आणि त्याला वाटत होते की वेळ आहे.

इथे मी थांबले, कारण उत्तर इथेच होते. वाचन सोमवारी आहे हे शुक्रवारी सगळ्या शाळेला कळले होते. मुलीला कळले होते. ती वर्गातच होती. ग्रंथपालाची नोटिशीवर सही होती, आणि सोमवारी संच त्यानेच उचलून नेला. पाने त्याने कापली असती तर अर्धवट संच त्याने मुकाट्याने वर्गात नेऊन ठेवला नसता. काहीतरी निमित्त काढले असते. ज्याला ज्याला नोटीस कळली होती त्याने शनिवार-रविवारात एकतर काम पुरे केले असते, नाहीतर वाचन टाळले असते. घाई करायला हवी हे ज्याला ठाऊकच नव्हते असा माणूस मला हवा होता. ज्याच्या हाती सुट्टीभर चाळीसही पुस्तके होती, आणि ज्याच्यापर्यंत नोटीस पोहोचली नव्हती.

शाळेत असा एकच माणूस होता, आणि तो शाळेत नव्हता. सगळ्यांनी आपापल्या संशयितांच्या यादीत एकमेकांना घातले होते. भाषेच्या बाईंना कुणी घातले नव्हते. त्यांच्यावर संशय घेण्याएवढीही त्यांची आठवण कुणाला झालेली नव्हती.

त्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होत्या. दार उघडायला त्यांना इतका वेळ लागला की मी परत फिरणार होते. कुबडी नवी होती. तिच्या दांड्यावरचा किमतीचा कागद अजून निघालेला नव्हता. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, चष्म्याला दोरी. मी नाव सांगितले तेव्हा त्या दारातच भिंतीला टेकल्या.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच विचारून करायला हवं होतं खरं तर."

अशा रीतीने कबुलीजबाब मी आत जाण्याआधीच झाला. रहस्यकथेच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे, पण बाईंना कित्येक दिवसांत बोलायला कुणी मिळाले नव्हते.

पलंगाशेजारच्या टेबलावर कापलेली पाने होती आणि त्यांच्याशेजारी नवी, हाताने लिहिलेली. एकाच बाजूला शाई. पडल्या त्या सकाळी त्या तीच पाने आणि डिंकाची बाटली घेऊन शाळेत निघाल्या होत्या. जिन्यात पाय घसरला, बाटली पिशवीत फुटली, काही पाने एकमेकांना चिकटून वाया गेली. ती त्यांनी पलंगावर बसून पुन्हा लिहिली.

"छापून घेता आली असती," मी म्हटले.

"आली असती. पण लिहायला घेतल्यावर सोडवेना. शेवटी शेवटी वाटायला लागलं की आपणच बोर्डापाशी बसलोय." त्यांनी चष्मा पुसला. "आणि मला ठाऊक आहे, सर वर्गात येऊन तो प्रश्न फळ्यावर लिहून देतील. पण मग त्यांना तो हाताने लिहावा लागेल. म्हटलं, हाताने लिहिताना माणूस एखादे वेळी वाचतो."

मी शून्याबद्दल विचारले. बाईंनी मान खाली घातली. मुलीचे उत्तर त्यांना पाठ होते.

"तिनं लिहिलं होतं: मला तिच्या जागी असायचं नाही. मला तारेच्या दुसऱ्या टोकाला असायचं आहे. मी तिला रोज संध्याकाळी फोन केला असता. बोलण्यासारखं काही नसतं तरी केला असता, म्हणजे तिच्याकडे एक दिवा लागला असता."

बाईंनी टेबलावरची पाने सारखी केली.

"आदर्श उत्तरात छंद होता, व्यायाम होता आणि सकारात्मक विचार," बाई म्हणाल्या. "तिच्या उत्तरात तिन्हीपैकी काहीच नव्हतं. मी शून्य दिलं. नियमाप्रमाणे बरोबर दिलं. निकालाच्या दिवशी ती माझ्याकडे बघूनसुद्धा रागावली नाही. यंदा ती पुन्हा त्याच बाकावर येऊन बसली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं, की यंदा तो प्रश्न तुला पुस्तकात दिसणार नाही."

म्हणून ती हसली होती. तिला दिलेला शब्द कुणीतरी पाळला होता, आणि तो कुणी पाळला हे ती सांगणार नव्हती.

मी त्यांना सोमवारी काय झाले ते सांगितले, आणि शनिवारी काय होणार तेही. बाई कुबडी शोधू लागल्या. घाईत ती त्यांनीच पाडली.

"मला कुणी कळवलं नाही," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मला कुणी कळवलंच नाही हो."

फळीवर फोन होता. त्यावर धूळ नव्हती. तो रोज पुसला जात असावा.

"पडल्यापासून शाळेतून एकही फोन नाही?"

"शाळेतून नाही," बाई म्हणाल्या. "एक चुकीचा लागला होता. त्यांना चपलांचं दुकान हवं होतं. बोलले मी त्यांच्याशी थोडं."

६

शुक्रवारी सकाळी मी मुख्याध्यापकांपुढे हस्तलिखित पानांचा गठ्ठा ठेवला आणि काय घडले ते क्रमाने सांगितले. ते ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव आला: मुलीऐवजी आता बाईंना काढावे लागणार, याची गैरसोय.

"कारवाई तर करावीच लागेल," ते म्हणाले. "शाळेची मालमत्ता आहे."

"करा ना. नोटिशीत कारण लिहावं लागेल," मी म्हटले. "कारण म्हणजे हा प्रश्न. तो अधिकाऱ्यांसमोर मी वाचून दाखवीन. कंठ दाटून येणार नाही याची काळजी घेईन. शिवाय माझ्या करारात एक कलम आहे, शेवटच्या नोंदीच्या पाठीमागे काही छापायचं नाही असं. तुमच्या समितीला कुणी दाखवलं नव्हतं का?"

त्यांनी बराच वेळ गठ्ठ्याकडे पाहिले. मग मला आजवर त्यांच्याकडून ऐकलेला पहिला प्रामाणिक प्रश्न त्यांनी विचारला.

"त्यात एवढं वाईट काय आहे, मॅडम? मुलांना सकारात्मक काहीतरी द्यावं म्हणूनच..."

याचे उत्तर एका पंधरा वर्षांच्या मुलीने गेल्याच वर्षी दिले होते आणि त्याचे गुण ठरून गेले होते.

मुलीचे नाव काढायचे नाही, गेल्या वर्षीचे ते उत्तर पुन्हा तपासायला पाठवायचे, बाईंना पत्र जायचे नाही, एवढे ठरले. दुपारभर ग्रंथपालाने आणि मी पाने चिकटवली. तो डिंक लावायचा, मी पट्टीवर पान बसवायचे. शेवटी तो म्हणाला की एवढ्या वर्षांत ग्रंथालयात झालेले हे पहिले ग्रंथालयाचे काम.

शनिवारी अधिकारी मागच्या बाकावर बसले, त्यांच्या शेजारी मी. मौनी आपल्या जागेवर होती. वर्गाने शेवटची नोंद एका सुरात वाचली. बाईंचे अक्षर वाचायला मुलांना किंचित जड गेले, त्यामुळे ती नेहमीपेक्षा सावकाश वाचली गेली असावी. मग चाळीस पाने एकदम उलटली आणि मागे काहीच नव्हते. वर्ग तसाच बसून राहिला.

मुख्याध्यापक फळ्याकडे वळले. सवयीने खडू उचलला. "तुम्ही लेखिकेच्या जागी असता तर" एवढे त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले, आणि हात थांबला. ते वाचत होते, की नुसता खडू मोडला होता, ते मला मागून दिसले नाही. मी त्यांना संशयाचा फायदा दिला. आठवडाभर मी तो कुणालाच दिला नव्हता.

शाळा सुटल्यावर मामा फाटकाशी उभे होते. मुलीला पाहून ते नुसतेच "चल" म्हणाले, आणि मग, बऱ्याच वेळाने आठवल्यासारखे, तिचे दप्तर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतले. ती दोन पावले गेली आणि परत माझ्याकडे आली.

"बाईंकडे फोन आहे?"

ऑफिसात कुणी नव्हते. मी आकडे सांगत गेले, ती फिरवत गेली. रिसीव्हर तिने कानापासून थोडा दूर धरला होता, म्हणून पलीकडची घंटी मलाही ऐकू येत होती. ती वाजली. वाजत राहिली. मोडक्या पायाने पलंगापासून फळीपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मी पाहिलेले होते, पण मुलीने पाहिलेले नव्हते; तिने मात्र फोन खाली ठेवला नाही. मामा दारात येऊन काही बोलणार होते, ते थांबले.

घंटी बराच वेळ वाजली. मग ती थांबली, आणि पलीकडून कुणीतरी धापा टाकत म्हणाले, "हॅलो?"

मुलीने उत्तर दिले नाही. तिला बोलण्यासारखे काही नव्हते. पलीकडे बाईही बोलल्या नाहीत. त्या फोन ठेवत नव्हत्या, एवढेच ऐकू येत होते.